ज्या आयांच्या मागे वस्ती उभी राहिली

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी नागपूरच्या स्त्रियांच्या कार्याविषयी चार पाने लिहून द्यावीत, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम माझ्या डोळ्यांपुढे नेहमीचीच नावे आली. भगिनी समाज, शिवणवर्ग, हळदीकुंकू, व्याख्यानमाला. त्यांवर ह्यापूर्वीच्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. मग गेल्या वार्षिक सभेतील एक प्रसंग आठवला, आणि विषय ठरला.

आपल्या सभागृहाच्या मागील खोलीत रोज दुपारी एक अभ्यासवर्ग भरतो, हे सर्व सभासदांना ठाऊक आहेच. आपल्याकडे धुणीभांडी आणि पोळ्या करायला येणाऱ्या बायांची मुले शाळा सुटल्यावर तेथे बसतात. गेल्या सभेत असा विचार पुढे आला की, ती खोली बारशी-डोहाळजेवणांना भाड्याने दिल्यास मंडळाला बरे उत्पन्न होईल. पैशाची अडचण खरी आहे. ती मी नाकारीत नाही. पण बोलण्याच्या ओघात एका भगिनीने सहज विचारले, "त्या मुलांच्या आया आहेत ना? हे मंडळाचे काम आहे का?" प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मी कपाटातील पुस्तके काढून बसले, आणि ह्या शहरात तो प्रश्न पूर्वी कोणी कोणी सोडविला हे वाचीत गेले. त्यातून हा लेख झाला.

मूल वाढविणे कोणत्याच आईला सोपे नसते. परंतु ज्या मुलाला समाजाने जन्मतःच खालचे ठरविले आहे, त्याच्या आईला दोन कामे असतात. त्याचे पोट भरणे हे एक. दुसरे काम दिसत नाही. मूल शाळेतून येऊन विचारते, "मला माठातले पाणी वरून का ओतले? मला मागे का बसविले?" त्या वेळी आईने काय सांगावयाचे? खरे सांगितले तर मुलाचे मन मोडते, आणि खोटे सांगितले तर उद्या तेच मूल तिला खोटी ठरविते. हे काम एकट्या बाईने करण्याजोगे नव्हतेच. नागपुरात ते कसे वाटून घेतले गेले, हीच ह्या लेखाची हकीगत आहे.

नागपूरच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांचा इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून सुरू करावा लागतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. भोवतालच्या खेड्यांतून माणसे शहराकडे येऊ लागली, आणि पुरुषांबरोबर बायकाही कामावर जाऊ लागल्या. खेड्यात ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांना इथे महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. मिलमध्येही शिवाशीव होतीच. पण हातात स्वतःचा पैसा आल्याने बाईला मुलाच्या पाटीपेन्सिलीचा विचार करता येऊ लागला.

मात्र आई पहाटे भोंग्याबरोबर बाहेर पडली की मुलाकडे कोण पाहणार? एम्प्रेस मिलने तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर काढले होते, आणि त्या काळच्या मानाने ही मोठी सोय होती. पण पाळण्यातून उतरलेल्या, धावत्या वयाच्या मुलांची व्यवस्था वस्तीलाच करावी लागे. घरी आजी असेल तर आजी, नसेल तर शेजारीण, तीही कामावर असेल तर मोठी बहीण. ह्यात मोठ्या बहिणीची शाळा बुडे, हे पुढील हकीगतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मिलमधील बायकांची बाजू मांडायला त्यांच्यातूनच राधाबाई कांबळे पुढे आल्या. त्या स्वतः मिलमध्ये काम करणाऱ्या. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे मजूर स्त्रियांच्या वतीने त्यांनी साक्ष दिली. मुंबईत बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ साली झाला, आणि मध्यप्रांतात तो १९३० साली. कायदे कौन्सिलात होतात हे खरे. पण ते व्हावेत असे कौन्सिलला वाटण्याआधी कोणीतरी रात्री पायपीट करून बायकांना एकत्र जमवावे लागते.

शिक्षणाची सुरुवात त्याच्याही आधीची. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे ह्यांनी १९०७ साली पाचपावलीत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. मुलांची नव्हे, मुलींची. आणि तीही १९०७ साली. त्या काळी पांढरपेशा घरांतूनसुद्धा मुलीने चार इयत्ता शिकल्या म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे मानीत. बनसोड्यांनी छापखाना चालविला, वर्तमानपत्रे काढली, मजुरांची संघटना उभारली. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेख व्हावयास हवा. येथे जागा नाही.

मला सविस्तर लिहावयाचे आहे ते जाईबाई चौधरी ह्यांच्याविषयी. जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. लहान वयातच बापूजी चौधरी ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पोटासाठी जाईबाईंनी हमालीचे काम केले. डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई वाचायला शिकलेली आहे, हे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी जाईबाईंना महिना चार रुपयांवर एका शाळेत शिक्षिकेची जागा दिली. पण नव्या बाई महाराच्या आहेत हे कळताच पालकांनी मुले शाळेतून काढली, आणि जाईबाईंची नोकरी गेली.

अशा वेळी पुष्कळ माणसे पुन्हा ओझी उचलायला जातात, आणि त्यांना कोणी दोषही देऊ नये. जाईबाईंनी १९२२ साली स्वतःच शाळा काढली: संत चोखामेळा कन्याशाळा. शाळा काढणे हे काम मोठेच; पण मला त्याहून मोठे वाटते ते त्या घरोघर हिंडत असत हे. मुलगी शाळेत आली पाहिजे म्हणून त्या वस्त्यावस्त्यांतून जात, आईशेजारी बसत आणि तिचे म्हणणे ऐकून घेत. आईचे म्हणणेही खोटे नसे. मुलगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण पाहील? पाणी कोण भरील? आणि शिकून तिला कोण बाई नोकरी देणार आहे? हा शेवटचा प्रश्न जाईबाईंना कोणी विचारला असेल, तेव्हा स्वतःची गेलेली नोकरी त्यांना आठवली नसेल काय? तरीही त्या पुढच्या घरी गेल्याच.

अशाच एका घराची हकीगत आपल्याला त्या घरातील मुलीनेच लिहून ठेवली आहे. कौसल्या बैसंत्री ह्यांचे 'दोहरा अभिशाप' हे हिंदी आत्मकथन १९९९ साली प्रसिद्ध झाले. मंडळाच्या वाचनालयात ते नाही. घ्यावे, अशी ह्या निमित्ताने विनंती आहे. कौसल्याबाईंचा जन्म १९२६ चा, घर खलाशी लाइनमध्ये. आई भागीरथी आणि वडील, दोघेही एम्प्रेस मिलमध्ये. ह्या घराची कथा आजीपासून सुरू होते. नवऱ्याचा मार असह्य होऊन ही आजी मुले घेऊन घराबाहेर पडली आणि पायी नागपूरला आली. एक मूल वाटेतच दगावले. नागपूरला भाऊ होता, पण त्याच्या दारात तुकडे मोडायचे नाहीत असे ठरवून तिने स्वतःची झोपडी घातली, आणि विटा-मातीच्या कामावर जाऊन राहिलेली मुले वाढविली. अशा बाईची लेक ती भागीरथी.

भागीरथीबाईंना एकामागून एक मुली झाल्या, आणि मुलगे वाचले नाहीत. शेजारपाजारचे त्यांना काय बोलले असतील ते आपल्याला वेगळे सांगावयास नको. जाईबाई त्या वस्तीत आल्या, आणि बाबासाहेबांचे भाषणही कानी पडले. ह्या दोन गोष्टींनी नवराबायकोच्या मनाने घेतले की मुलींना शिकवायचेच. मिलच्या पगारात भागेना, तेव्हा भागीरथीबाईंनी कुंकू, शिकेकाई, बांगड्या असे जिन्नस विकले. वडील फीच्या माफीसाठी शाळेत विनवण्या करायला गेले. पुढे कौसल्याबाई सायकलवरून जाऊ लागल्या, तेव्हा उच्चवर्णीयांच्या आळीतली मुले टोमणे मारीतच, पण खुद्द वस्तीतलेही मारीत. हे मी मुद्दाम लिहिते. वस्ती म्हणजे सगळे देवमाणूस, असे मुळीच नव्हते. त्याच वस्तीत मदतीचा हात देणारे होते आणि पाय ओढणारेही होते. भागीरथीबाईंनी दोहोंशी निभावून नेले. शाळेत आपली जात लपविण्याचा, डबा झाकून खाण्याचा जो कोंडमारा कौसल्याबाईंनी लिहिला आहे, तो वाचताना मी दोनदा पुस्तक मिटले. फी भरता येते, पुस्तक उसने आणता येते. पण डबा उघडायची लाज कोणी उसनी घेत नाही.

आता जे लिहिते ते आपल्यासारख्या मंडळांविषयी आहे. वर्धापनदिनाच्या अंकात ते शोभेल की नाही, असे मनात आले होते. पण आपल्या घरातल्या कागदपत्रांत जे असेल ते वाचलेच पाहिजे.

१९३७ सालच्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. देशभरातील सुविद्य स्त्रिया आल्या होत्या. स्त्रीशिक्षण, वारसाहक्क, बालविवाह अशा गंभीर विषयांवर चर्चा झाली. आणि त्या परिषदेने देशासाठी जे पुष्कळ केले ते मी विसरत नाही. जाईबाई चौधरी त्या अधिवेशनाला हजर होत्या. तोवर पंधरा वर्षे त्या मुलींची शाळा चालवीत होत्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले. स्त्रियांच्या उद्धाराची चर्चा झाल्यावर, त्याच मांडवाखाली, त्याच दिवसांत.

जाईबाई रडत घरी गेल्या नाहीत. लगेच १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात दलित स्त्रियांची मोठी सभा भरली आणि ह्या वागणुकीचा निषेध झाला. केवळ एका बाईच्या अपमानाचा हा प्रश्न नव्हता. सभेला आलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींच्या मुली जाईबाईंच्या हाताखाली शिकत होत्या. ज्या बाईने आपल्या लेकीला शाळेची पायरी दाखविली, तिला पंगतीतून उठविले, तर लेकीला घरी काय सांगायचे? मघाशी सांगितलेला माठाचा प्रश्न आता मोठ्या माणसांच्या पंगतीत आला होता, आणि ह्या वेळी त्याचे उत्तर हजारो आयांनी मिळून दिले.

ह्यानंतर चार वर्षांनी जे घडले, त्याची नागपूरकरांना जेवढी आठवण असायला हवी तेवढी नाही. १९४२ च्या जुलैत मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तिथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. त्याला जोडून २० जुलै रोजी महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. कीर्तीबाई पाटील, इंदिराबाई पाटील ह्यांनी पुढाकार घेतलेला. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. आपल्या सभागृहात दोनशे खुर्च्या भरल्या की आपण धन्य होतो. त्या मानाने हा आकडा ध्यानात घ्यावा. ह्या बायकांपैकी पुष्कळशा मिलमध्ये, विडीच्या कामावर, बांधकामावर राबणाऱ्या होत्या. त्यांना आमंत्रणपत्रिका छापून पाठवायची नव्हती. एकीने दुसरीला सांगायचे, दुसरीने तिसरीला.

ठराव वाचले म्हणजे ते करणारी माणसे समोर उभी राहतात. नवऱ्यापासून कायद्याने मोकळे होण्याचा हक्क हवा. एकीवर दुसरी करण्याची चाल बंद व्हावी. मिलमधल्या बायकांना वर्षातून २१ दिवस किरकोळ रजा आणि एक महिना भरपगारी रजा हवी. इजा झाल्यास भरपाई हवी. २० वर्षे नोकरीनंतर निदान महिना १५ रुपये निवृत्तिवेतन हवे. स्त्रियांवर देखरेखीला स्त्रियाच नेमाव्यात. मुलींसाठी प्रत्येक प्रांतात ५० जणींचे वसतिगृह हवे. कायदेमंडळात व स्थानिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा हव्यात. ह्यांतला कोणताही ठराव पुस्तक वाचून सुचलेला नाही. किरकोळ रजा कशाला, तर मूल तापाने फणफणले म्हणजे घरी राहायला. वसतिगृह कशाला, तर शाळेच्या गावी पोरीला उतरायला घर नाही म्हणून. सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचाही पुरस्कार केला. १९४२ साली, उघड्या मैदानात, एवढ्या बायकांपुढे हा विषय काढायला काय धैर्य लागले असेल, ह्याचा आपण आपल्या मनाशी विचार करावा.

बाबासाहेब आंबेडकरांनी त्या परिषदेत स्त्रियांना उद्देशून भाषण केले. त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात त्यांची नेमणूक झाली होती, आणि मजूर खाते त्यांच्याकडे येणार होते. पण तिथे त्यांनी खात्याच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून उभ्या राहा, असे ते बोलले. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण कमी आहोत ही भावना मुलांच्या मनातून काढून टाका, त्यांना मोठे होण्याची आस लावा, असे त्यांनी आयांना सांगितले. ज्या दुसऱ्या कामाविषयी मी आरंभी लिहिले, ते काम त्यांनी असे भरसभेत, नाव घेऊन, आयांच्या हाती दिले.

हेच काम जगाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या आयाही करीत होत्या. महाराष्ट्राला त्यांची ओळख जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले, ते निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. १९४६ साली बाबासाहेबांनी तिकडचे कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस ह्यांना पत्र लिहून आपल्या दोन्ही समाजांच्या सारख्या परिस्थितीची आठवण दिली. पुरुषांचा हा पत्रव्यवहार ग्रंथांत छापला गेला. आयांचा पत्रव्यवहार झाला नाही, कारण त्यांना एकमेकींची नावेच ठाऊक नव्हती. पण काम पाहावे तर एकाच साच्यातले. अटलांटा शहरात १९०८ साली लुजेनिया बर्न्स होप ह्या बाईंनी शेजारणींची संघटना उभी केली. निमित्त असे झाले की, त्यांच्या शेजारची एक तरुण बाई आजारी पडून मरण पावली, आणि तिच्या शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हे पुन्हा होऊ द्यायचे नाही म्हणून त्यांनी मोहल्ल्याचे भाग पाडले, प्रत्येक भागात घरोघर जाणाऱ्या बायका नेमल्या, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी बालवर्ग चालविले, दवाखाना काढला. जाईबाईंनी अटलांटाचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. घरोघर जायचे मात्र दोघींनाही सुचले.

पुढे मॉन्टगोमेरी शहरात बसगाड्यांत काळ्या माणसांना वेगळे बसवीत. त्याविरुद्ध डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बहिष्कार चालला. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुण्याला जाणाऱ्या बाया मैलोगणती पायी चालल्या. जॉर्जिया गिलमोर नावाच्या बाईंनी ओळखीच्या बायकांना जमवून घरी केक आणि भाजणीचे जिन्नस करून विकले, आणि तो पैसा लढ्याला दिला. आमच्या मंडळाच्या पापड-लोणच्यांच्या विक्रीची मला आठवण झाली. फक्त पैसा कशाला गेला त्यात फरक.

तो बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाविषयी पुरुषांनी खूप लिहिले आहे. बाईच्या नजरेने पाहिले तर पांढरी लुगडी दिसतात. शहरातील पांढरे कापड संपले होते, असे त्या पिढीतील माणसे सांगत. लाखो माणसे खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आली आणि वस्त्यांतून उतरली. त्यांना पाणी कोणी दिले, अंगण कोणी झाडून दिले, दुसऱ्याचे मूल कोणी थोपटून निजविले, ह्याची नोंद कोठे व्हायची? पण दीक्षेनंतर आईजवळ मुलाच्या प्रश्नाला उत्तर आले. तू खालचा नाहीस, असे एकट्या आईने न सांगता आता विहारात सगळ्यांनी मिळून म्हणावयाचे होते.

ह्या पिढीने वाढविलेली माणसे पुढे आपल्याला वाचायला मिळाली. कुमुद पावडे ह्यांनी नागपुरात संस्कृतात एम. ए. केले, ती भाषा कॉलेजात शिकविली, आणि त्यासाठी काय सोसले ते 'अंतःस्फोट' ह्या १९८१ च्या पुस्तकात लिहिले. बाबासाहेबांच्या ग्रंथांचे संपादन करणारे वसंत मून हे महारपुऱ्यातले. त्यांच्या आईने, पूर्णाबाईंनी, मोलमजुरी करून दोन मुले वाढविली. मून ह्यांनी १९९५ साली आत्मकथा लिहिली आणि तिला आपले नाव न देता 'वस्ती' असे नाव दिले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. त्यासाठी त्या दोघी ठिकठिकाणी जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्तींना भेटल्या आणि त्यांच्या तोंडून ऐकून घेतले. आज जाईबाई, राधाबाई, सुलोचनाबाई ही नावे आपल्याला माहीत आहेत, ती पुष्कळशी ह्या दोघींच्या पायपिटीमुळे.

माझ्या लहानपणी आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एक वयस्क बाई राहत. सगळे त्यांना माय म्हणत. एम्प्रेस मिलमधून त्यांना काही वर्षांपूर्वीच रजा मिळाली होती, तरी भोंगा झाला की त्या सवयीने उठून बसत. एकदा शाळेतून काही वाचून आलेल्या मी त्यांना मोठ्या ऐटीत विचारले, "माय, बेचाळीसच्या बायांच्या परिषदेला तुम्ही गेल्या होत्या?"

त्या म्हणाल्या, "मी तं गेलीच नाही. माही माय गेली, शेजारची काकू गेली, सगळ्या बाया गेल्या. पोट्टे कोण सांभाळन?"

त्या वेळी त्या बारा वर्षांच्या होत्या. गल्लीतल्या नऊ पोरांना घेऊन दिवसभर एका ओसरीवर बसल्या होत्या. त्यांतली दोन दुधावरची होती, त्यांना साखरेचे पाणी पाजले. एक खेळता खेळता नालीत पडले, ते धुऊन काढले. संध्याकाळी बाया परत आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात आवाज उरला नव्हता, आणि तरी सगळ्या एकदम बोलत होत्या. मायची आई आपले मूल उचलून घेता घेता म्हणाली की उद्यापासून तू शाळेत जाशील, घरचे मी पाहून घेईन. माय सातवीपर्यंत शिकल्या. त्यांना वाचता येत असे म्हणून पुढे गल्लीतल्या सगळ्यांची पत्रे त्याच वाचीत, आणि दुपारी ओसरीवर पोरांना पाढे शिकवीत. मीही तिथे बसत असे. माझे एकोणतीसचे पाढे त्या ओसरीवरचे आहेत.

मागील खोलीत सध्या २६ मुले येतात. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत खोलीचा विषय तिसऱ्या क्रमांकावर आहे.